बारा मिनिटं पळून फुटबॉलचा दम कळतो का?

वाचकाचं पत्र: मी घणसोलीत संध्याकाळी फुटबॉल शिकवतो. १० वर्षांखालची १४ मुलं, १३ वर्षांखालचे १८ (त्यात ५ मुली), १५ वर्षांखालचे १६ आणि मोठ्यांचा एक संघ आहे. जूनमध्ये सगळ्यांची १२ मिनिटांची कूपर टेस्ट घेतली, मैदानाभोवतीच्या फेऱ्या मोजल्या आणि एकच यादी करून पालकांच्या ग्रुपवर टाकली. तेव्हापासून डोक्याला ताप झालाय. १३ वर्षांखालच्या गटातला आमचा सगळ्यात चांगला स्ट्रायकर त्याच्या गटात अकरावा आला. गोलकीपर शेवटचा. आणि जो पहिला आला, तो सामन्यात शेवटच्या दहा मिनिटांत दिसेनासा होतो. एका पालकांचं म्हणणं आहे की क्रिकेटवाल्यांसारखी यो-यो घ्या आणि १६.१ ला पास धरा. एकच टेस्ट सगळ्यांना चालते का? कोणत्या पोझिशनला किती मीटर हवेत? आणि कीपरचं काय करू?
– एक प्रशिक्षक, घणसोली

उत्तर:

सर, नमस्कार.

यादीत पहिला आलेला मुलगा सामन्यात का ढेपाळतो, तिथूनच सुरू करू. बाकीच्या प्रश्नांची गाठ तिथेच आहे. कूपर टेस्ट १९६८ मध्ये केनेथ कूपर यांनी अमेरिकी हवाई दलातल्या जवानांसाठी मांडली. तिच्यात एका लयीत, न थांबता पळायचं असतं. फुटबॉलमध्ये एका लयीत कुणीच पळत नाही. मोठ्यांच्या सामन्यात मैदानातला खेळाडू ९० मिनिटांत साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो, पण त्यातलं बरंचसं चालणं आणि रमतगमत पळणं असतं. सामना ठरतो तो मधल्या झटक्यांवर. पंधरा मीटर जीव तोडून जायचं, थांबायचं, वळायचं, आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा तेवढ्याच जोरात जायचं. तुमचा पहिला आलेला मुलगा एका वेगात छान पळतो, पण गेलेला दम त्याला लवकर परत मिळत नाही. तुमच्या टेस्टने हे मोजलंच नाही.

लहान मुलांच्या बाबतीत कूपरची आणखी एक अडचण असते. बारा मिनिटं म्हणजे किती, याचा अंदाज त्यांना नसतो. पहिली फेरी हरणासारखी, तिसरीत पोटात दुखतं, मग चालत. त्या आकड्यात दम कमी आणि अनुभव जास्त मोजला जातो.

यो-यो सुचवणाऱ्या त्या पालकांनी टेस्टचं नाव बरोबर सांगितलं, आकडा मात्र सोडून द्या. यो-यो टेस्टचे प्रकार बरेच आहेत. क्रिकेटमुळे आपल्याकडे जी माहीत झाली ती म्हणजे इंटरमिटंट रिकव्हरी, लेव्हल १. डेन्मार्कचे येन्स बांग्सबो यांनी ती फुटबॉल डोळ्यांसमोर ठेवून तयार केली. २० मीटर जायचं, वळून २० मीटर परत यायचं, मग १० सेकंदांत मागे ५ मीटरवरच्या कोनला वळसा घालून पुन्हा रेषेवर उभं राहायचं. कधी पोचायचं ते ऑडिओतली बीप सांगते, आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढत जातो. १६.१ म्हणजे वेगाच्या १६ व्या पायरीची पहिली फेरी, एकूण ११२० मीटर. भारतीय क्रिकेट संघातल्या प्रौढ, पगारी खेळाडूंसाठी ती एकेकाळी किमान पातळी धरली होती. घणसोलीतल्या बारा वर्षांच्या मुलीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता मांडणी. तुम्हाला किमान २८ मीटर सलग जागा लागेल: मागे ५, मधे २०, आणि पलीकडे थांबायला निदान ३. टर्फ भाड्याने घेत असाल तर तासाचे पैसे भरायच्या आधी टेप लावून पाहा. बरेच टर्फ लांबीला २५ मीटरच्या आसपास संपतात आणि पोरं जाळीवर जाऊन आदळतात. अंतर टेपनेच मोजा, पावलांनी नको. पावलांनी मोजलेले २० मीटर सहज १९ होतात, आणि मग जूनपेक्षा नोव्हेंबरमध्ये सगळेच 'सुधारतात'. प्रत्येकाला दीड मीटर रुंदीची पट्टी द्या. म्हणजे नऊ जणांच्या तुकडीला १४ मीटर रुंदी पुरते. सिडकोच्या मातीच्या मैदानावर आणि टर्फवर घेतलेले आकडे एकमेकांशेजारी लिहू नका. जमीन एक ठरवा आणि वर्षभर तीच ठेवा. बुटांचंही तसंच.

ऑडिओ फाइल कुठूनतरी उतरवलेली असते, म्हणून ती आधी घरी स्टॉपवॉच लावून तपासा. पहिली फेरी ताशी १० किलोमीटरची असते, म्हणजे ४० मीटरला १४.४ सेकंद. पुढे १२, मग दोन फेऱ्या १३ च्या, तीन १३.५ च्या, चार १४ च्या. या अकरा फेऱ्यांत ४४० मीटर होतात, आणि अकरावी फेरी संपते तेव्हा घड्याळात साधारण ३ मिनिटं ४० सेकंद झालेले असायला हवेत. त्यानंतर दर आठ फेऱ्यांनी वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो, म्हणजे ७६०, १०८०, १४०० मीटरला. घड्याळ वीस-तीस सेकंद इकडेतिकडे दाखवत असेल तर फाइल दुसऱ्याच टेस्टची आहे, किंवा फोनमध्ये वेग १.२५ वर राहिलाय. टेस्टच्या वेळी फोन फ्लाइट मोडवर टाका. १४ व्या पायरीला कुणाच्या तरी आईचा फोन आला की बीप थांबते आणि अख्खी तुकडी वाया जाते.

पाच-सहा मुलांमागे एक मोजणारा हवा. तो शेवटच्या रेषेच्या सरळ बाजूला उभा राहावा, समोर नको. समोरून पाय रेषेला लागला की नाही ते कळत नाही. बीपच्या आत रेषेवर न पोचल्यास पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा बाद. शेवटची पूर्ण केलेली फेरी लिहायची. चोरी तीन प्रकारांनी होते: वळताना पाय रेषेच्या अलीकडेच टेकवणं, बीपच्या आधी सुटणं, आणि मित्र बाहेर पडला म्हणून आपणही पडणं. तिसरी सगळ्यात जास्त होते आणि तिला चोरी म्हणणंही बरोबर नाही. जिगरी दोस्तांना वेगवेगळ्या तुकड्यांत टाका, एवढंच.

वेळ सकाळी साडेसहा ते आठ. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापलेलं राहतं, आणि दुपारचा सिंथेटिक टर्फ तर पायाखाली तवा होतो. ऑक्टोबरमध्ये टेस्ट ठेवूच नका. जुलैअखेर, मग नोव्हेंबरमध्ये दिवाळीच्या फराळाला दोन आठवडे होऊ देऊन, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला, परीक्षेचा घोर लागण्याआधी. वर्षातून तीनदा पुरे. जूनमध्ये सुट्टीहून आलेल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात ऊर फुटेस्तोवर पळवलंत, हीसुद्धा तुमच्या यादीतली एक चूक होती. तीन-चार आठवडे सराव झाल्याशिवाय ही टेस्ट नको. आदल्या ४८ तासांत सामना नको, गेल्या दोन आठवड्यांत ताप येऊन गेलेल्याला नको. आणि टेस्टच्या आधी पालकांना तीन प्रश्न लेखी विचाराच: पळताना कधी चक्कर किंवा बेशुद्धी? छातीत दुखणं? घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर आधी डॉक्टर, मग मैदान.

वयाचा मुद्दा जरा सविस्तर लिहितो, कारण चुकीचे निष्कर्ष जास्त तिथेच निघतात.

१० वर्षांखालच्यांची जास्तीत जास्त क्षमता मोजायची टेस्ट घेऊच नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. ही मुलं दमतात पटकन आणि सावरतात त्याहून पटकन. त्यांचा आकडा लक्ष, मूड आणि शेजारी कोण पळतंय यावर ठरतो. मोजायचंच असेल तर यो-योची लहान मुलांसाठीची आवृत्ती आहे: २० ऐवजी १६ मीटर आणि मागे ५ ऐवजी ४. पण साखळी आणि 'डोंगराला आग लागली' दहा मिनिटं खेळवा आणि कोण कधी कडेला जाऊन उभं राहतं ते पाहा. तुम्हाला हवं ते कळेल.

१३ आणि १५ वर्षांखालच्या गटांत दोन मुलांच्या जन्मतारखा एकाच वर्षातल्या असतात, पण शरीरं तीन-चार वर्षांच्या फरकाची असू शकतात. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. म्हणजे १३ वर्षांखालच्या गटात तुमच्या पाच मुलींपैकी दोघी-तिघी वाढीच्या टप्प्यात किंवा तो ओलांडून गेलेल्या असतील आणि बहुतेक मुलं त्या टप्प्याच्या अलीकडे. आणखी एक गोष्ट प्रशिक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही. मुलगा तेराचा पंधरा झाला की यो-योतलं अंतर बरंच वाढतं, पण वजनाच्या प्रत्येक किलोमागे तो किती ऑक्सिजन वापरू शकतो, तो आकडा या वयात मुलांमध्ये फारसा हलत नाही. अंतर वाढतं ते पाय लांब झाले, पळणं काटकसरीचं झालं, स्नायूंत झटक्याची ताकद आली म्हणून. म्हणजे वर्षाकाठी झालेल्या वाढीतला बराच वाटा निसर्गाचा असतो. तुमच्या सरावाचं श्रेय त्यातून वजा करूनच घ्या.

म्हणून प्रत्येक टेस्टच्या दिवशी उंची लिहा. सकाळी मोजली तर दर वेळी सकाळीच. दिवसभरात माणूस साधारण सेंटिमीटरभर 'बुटका' होतो. तीन महिन्यांत २ सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढ दिसली तर त्या मुलाच्या आकड्याभोवती गोल करा. त्या काळात हातपाय ताब्यात नसतात, आकडा अडतो, कधी घसरतोही. त्याला आळशी म्हणू नका, संघातून काढू नका. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर किंवा टाचेत दुखत असेल तर यो-यो बंद. १०८० मीटर म्हणजे २७ वेळा कचकन ब्रेक लावून वळणं, आणि तो सगळा ताण नेमका तिथेच येतो. वजन घेऊ नका. त्याचा इथे उपयोग नाही आणि मुलींच्या गटात तर त्याने नुकसानच होतं. एखादी मुलगी 'आज नको' म्हणाली तर कारण न विचारता तिला पुढच्या आठवड्यातली तारीख द्या.

आकड्यांतली चढउतारही वयानुसार बदलते. प्रौढांमध्ये हीच टेस्ट आठवड्याने पुन्हा घेतली तर फरक ५ टक्क्यांच्या आसपास राहतो. १५ वर्षांखालच्यांत तो बराच मोठा असतो. तेव्हा ६८० वरून ७६० झाले म्हणून पेढे वाटू नका आणि ७६० वरून ६८० झाले म्हणून घरी फोन करू नका. त्या वयात तीन-चार फेऱ्यांहून कमी फरक आम्ही फरकच धरत नाही. पहिल्यांदा घेतलेली टेस्ट तर केवळ ओळख म्हणून धरा. आठवड्याने पुन्हा घ्या आणि दुसरा आकडा वहीत लिहा.

मीटरवरून ऑक्सिजनची क्षमता काढणारं एक सूत्रही तुमच्या ग्रुपवर येईल: मीटर गुणिले ०.००८४ अधिक ३६.४. ते प्रौढांवरून काढलेलं आहे. मुलांना लावू नका. मोठ्यांनाही लावून काही नवीन कळत नाही, मीटरच पुरेसे आहेत.

आता पोझिशन. १३ वर्षांखाली हा विचार करूच नका. आजचा स्ट्रायकर दोन वर्षांनी फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू असतो. तुमचा स्ट्रायकर अकरावा आला तर तो अकरावा आला, बस. त्याचं खेळणं पाच-दहा मीटरच्या झटक्यांचं आहे आणि ते त्या दिवशी कुणी मोजलं नव्हतं.

मोठ्यांच्या संघात मात्र चित्र बऱ्यापैकी ठरलेलं असतं. सगळ्यात जास्त अंतर मधल्या फळीतले कापतात. वेगात धावण्याचं प्रमाण विंगर (कडेने हल्ला करणारे) आणि फुलबॅककडे जास्त. सेंटर बॅकचं, म्हणजे मधल्या बचावपटूचं, एकूण अंतर मैदानातल्या दहा जणांत सहसा सगळ्यात कमी. यो-योतही साधारण हाच क्रम उतरतो: फुलबॅक आणि मधले वर, सेंटर बॅक आणि स्ट्रायकर खाली. पण यातला काही भाग असाही आहे की जो पळतो त्यालाच आपण मधे खेळवतो. म्हणून 'सेंटर बॅकला १४०० हवेत' अशी पाटी आम्ही देणार नाही. तुलनेसाठी सांगायचं तर युरोपातल्या अव्वल पुरुष खेळाडूंची सरासरी २४०० मीटरच्या आसपास नोंदली गेली आहे, अव्वल महिला खेळाडूंची १६०० च्या आसपास. २०२२ मध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाची फायनल आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली, तेव्हापासून मुलींच्या पालकांच्याही अपेक्षा वाढल्यात, म्हणून हा दुसरा आकडा मुद्दाम दिला. तो प्रौढ महिलांचा आहे.

तुमच्या मोठ्यांच्या संघासाठी साधा हिशेब असा करा. सगळ्यांचे आकडे उतरत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा काढा. मधली फळी, विंगर, फुलबॅक त्या आकड्याच्या वर असावेत. एखादा खाली असेल तर दुसऱ्या हाफमध्ये त्याच्या बाजूने गोल खाल्ले जातात का ते पाहा. सेंटर बॅक १०-१५ टक्के खाली असेल आणि जागा सोडत नसेल, तर त्याच्या मागे लागू नका. तुम्ही तीन बचावपटू आणि दोन विंगबॅक खेळवत असाल तर मात्र हा हिशेब बदलतो. विंगबॅक कडेने बचावही करतो आणि हल्लाही, त्याला दोन माणसांचं पळावं लागतं. याच यो-योची अवघड आवृत्ती, लेव्हल २, ताशी १३ किलोमीटरपासून सुरू होते. आठवड्यातून तीन दिवस सराव करणाऱ्या संघाला तिचा उपयोग नाही, चौथ्या-पाचव्या मिनिटाला निम्मे बाहेर असतील.

विंगर आणि स्ट्रायकरसाठी, १५ च्या पुढे, दुसरी टेस्ट जोडा: २० मीटर जाऊन २० परत, पूर्ण वेगात, अशा सहा धावा, मधे २० सेकंद उभं राहून विश्रांती. यात लबाडी पहिल्या धावेत होते, पोरं जोर राखून ठेवतात. म्हणून आधी एकच धाव घ्या, पाच मिनिटं थांबा, मग सहा. सहातली पहिली धाव त्या एकट्या धावेपेक्षा अडीच टक्क्यांहून हळू निघाली, म्हणजे ७.२० सेकंदांऐवजी ७.३८ च्या वर, तर थांबवा आणि पाच मिनिटांनी पुन्हा. समजा वेळा ७.२०, ७.३०, ७.४५, ७.५५, ७.७०, ७.७० आल्या. बेरीज ४४.९०. सर्वोत्तम वेळेची सहापट ४३.२०. म्हणजे घसरण ३.९ टक्के. पण हातातल्या स्टॉपवॉचची चूकच एक-दोन दशांश सेकंदांची असते, म्हणून टक्क्यांपेक्षा बेरजेवर भर द्या, आणि घड्याळ दर वेळी एकाच माणसाच्या हातात.

स्पर्धा चालू असताना कुणालाही बाद होईपर्यंत पळवू नका. यो-यो ६ मिनिटांना थांबवा, तोवर ७०० मीटरच्या आसपास होतात, आणि त्या क्षणाचे हृदयाचे ठोके लिहा. तेवढ्याच धावेला ठोके कमी लागले तर दम वाढलाय. छातीवरचा पट्टा असेल तर उत्तम. मनगटी घड्याळ वेग बदलला की मागे राहतं. मानेवर बोट ठेवून १० सेकंद मोजले तर एका ठोक्याची चूक सहाची होते, हे लक्षात ठेवा. आणि कमाल ठोके काढायचं '२२० वजा वय' हे सूत्र इथे वापरू नका. पूर्ण टेस्टमध्ये ज्याचा जो सगळ्यात मोठा आकडा दिसला तोच त्याचा कमाल आकडा.

आकडा कमी आला तर करायचं काय? १५ च्या पुढच्यांना ४ मिनिटांचे चार तुकडे, कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्क्यांवर, मधे ३ मिनिटं हलकं पळणं. नॉर्वेत ज्युनियर खेळाडूंना हे आठवड्यातून दोनदा, ८ आठवडे करवलं. २००१ मध्ये छापून आलेल्या त्या निकालांत सामन्यातलं कापलेलं अंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढलं होतं. मैदानाभोवती पळवायची गरज नाही. ३० बाय २० मीटरमध्ये चार विरुद्ध चार, कीपर नाहीत, बाहेर गेलेला चेंडू आणायचा नाही, लगेच दुसरा आत. तुमच्या त्या पहिल्या नंबरवाल्याला हीच दवा लागू पडेल.

यादी ग्रुपवरून काढा. प्रत्येकाला त्याची चिठ्ठी: तारीख, उंची, मीटर, मागचे मीटर. शेजारच्याचा आकडा त्यात नको.

राहिला कीपर. सामन्यात तो ४ ते ६ किलोमीटर हलतो, त्यातलं बहुतेक चालणं. त्याला यो-यो वर्षातून एकदा, तब्येत म्हणून. त्याच्यासाठी घरगुती टेस्ट करा. ही प्रमाणित नाही, त्याची तुलना त्याच्याशीच. गोलच्या मध्यावर उभा, दोन्ही बाजूंना २ मीटरवर जमिनीवर चेंडू. उजवीकडे झेप, चेंडूला हात, उठून मध्यावर, डावीकडे तसंच, मग सहा यार्डांच्या रेषेपर्यंत धाव आणि परत. ही एक खेप. वेळ घ्या, २५ सेकंद थांबा, अशा सहा. पहिल्या आणि सहाव्या खेपेतला फरक लिहा. मातीवर हे करू नका, कोपरं सोलतात. टर्फवर लांब बाह्या आणि गुडघ्यापर्यंत मोजे. आणि सहाव्या खेपेला तो झेप न घेता नुसता आडवा पडू लागला, तर वेळ चांगली आली तरी ती खोडा.